कोकणातल्या रिसॉर्टचं वायफाय: रेंज फुल, नेट गायब. दोष नेमका कुठे असतो?

चिरेबंदी (धागाकर्ता)

दिवेआगर, दापोली, गुहागर, तारकर्ली... बुकिंगच्या पानावर सगळीकडे "मोफत वायफाय" लिहिलेलं असतं. खोलीत गेल्यावर फोनवर रेंजचे सगळे दांडे भरलेले दिसतात आणि साधा फोटो पाठवायचा तर चक्र गोल गोल फिरत राहतं. रिसेप्शनला विचारलं तर "सर, वरूनच लाइन स्लो आहे" हे ठरलेलं उत्तर येतं.

बहुतेक वेळा हे उत्तर चुकीचं असतं, म्हणून हा धागा काढतोय. वरून येणारी फायबर लाइन अनेकदा ठणठणीत असते. घोटाळा राउटर आणि तुमची खोली यांच्यामधल्या शेवटच्या तीस-चाळीस मीटरमध्ये असतो. तो कुठे आहे हे कळलं तर पाहुण्याला काहीतरी करता येतं आणि मालकालाही योग्य जागी पैसे घालता येतात. नाहीतर मालक १०० एमबीपीएसचा प्लॅन ३००चा करतो आणि फरक शून्य पडतो.

सुरुवात भिंतीपासून करतो, कारण कोकणात तिचा वाटा मोठा आहे. जांभा चिऱ्याची भिंत नऊ इंचांपासून दीड फुटापर्यंत जाड असते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी पितो, आणि वायफायच्या लहरी पाण्यात जिरतात. म्हणजे मे महिन्यात जो राउटर दोन खोल्या पलीकडे पोचतो, तोच जुलैत एका खोलीवर येतो. त्यात मध्ये बाथरूम असेल तर टाइल्स, पाण्याच्या पाइपलाइनी आणि आरसा! आरशामागचा मुलामा धातूचा असतो आणि लहरी परत फिरवतो. वर पत्र्याचं छप्पर असेल तर वरच्या मजल्याची आशा सोडा. वायफायचे दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झ अशा दोन भिंतींत संपतं. २.४ गिगाहर्ट्झ पलीकडे पोचतं, पण दमून पोचतं.

फोनवरचे दांडे खरे मानू नका, ते प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबाने दाखवते. वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही मोफत ॲप घेऊन डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा बघा. आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. −६७पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, −७५च्या खाली गेलं की तुटायला लागतो, −८०ला नुसतं नाव दिसतं.

तांब्याची_तार

चांगला विषय. एक भर घालतो. सगळे दांडे भरलेले असूनही नेट नसण्याचं आणखी एक कारण म्हणजे राउटर मोठ्याने बोलतो आणि फोन हळू बोलतो. राउटर साधारण २० डीबीएमने ओरडतो, ते तुमच्या फोनला ऐकू येतं. फोनची ताकद बॅटरी वाचवण्यासाठी कमी ठेवलेली असते, बऱ्याचदा १२ ते १५ डीबीएम. त्याचं उत्तर राउटरपर्यंत पोचतच नाही. म्हणून "जास्त पॉवरवाला, मोठ्या अँटेनाचा राउटर आणा" हा दुकानदाराचा सल्ला ऐकून दांडे वाढतात, नेट वाढत नाही.

आता पाहुण्याने करायची तपासणी सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे.

वायफायला जोडल्यावर त्या नेटवर्कच्या तपशिलात जा. तिथे "गेटवे" किंवा "राउटर" असं लिहून पुढे एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. पिंग करणारं (छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारं) मोफत ॲप घ्या (लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल) आणि त्या पत्त्याला मिनिटभर पिंग करा. मग बाहेरच्या इंटरनेटवरच्या १.१.१.१ किंवा ८.८.८.८ला मिनिटभर पिंग करा. फक्त हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

गेटवेचंच पिंग ५ मिलिसेकंदांवरून ३००वर उड्या मारतंय, मधेच टाइमआउट येतोय, तर दोष वायफायचा. तुमच्या आणि राउटरच्या मधल्या हवेचा. खोली बदला, व्हरांड्यात बसा, दार उघडा ठेवा.

गेटवे ५ ते १० मिलिसेकंदांवर स्थिर आहे पण बाहेरचं पिंग ४००-५००वर जातंय, तर हवा ठीक आहे, लाइनच्या तोंडाशी रांग लागली आहे. कोणीतरी मोठं काहीतरी अपलोड करतंय किंवा सगळं रिसॉर्ट एकदम सिनेमा बघतंय.

गेटवे छान आणि बाहेरचं काहीच लागत नाही, तर लाइन बंद आहे किंवा तुमचं लॉगिन झालेलं नाही.

हीच तपासणी सकाळी सातला आणि रात्री साडेनऊला करा. सकाळी चकाचक आणि रात्री बोंब असेल तर ती गर्दीची तक्रार आहे, भिंतीची नाही.

गोखले_वाडीवरून

रिसेप्शनला हे आकडे सांगून काय उपयोग? त्या पोराला पिंग म्हणजे काय ते माहीत नसतं.

तांब्याची_तार

त्याला आकडे नका सांगू, पण योग्य वाक्य सांगा. "नेट चालत नाही" म्हटलं की तो राउटर बंद-चालू करतो, कारण त्याला तेवढंच शिकवलेलं असतं. त्याऐवजी "माझा फोन जोडला जातोय, पण आयपी ॲड्रेस मिळत नाही" किंवा "आठ नंबरच्या खोलीत रेंजच येत नाही, रिसेप्शनला चांगली येते" असं सांगा. मालकाकडे किंवा त्यांच्या केबलवाल्याकडे हाच निरोप पुढे गेला तर काम होतं. आणि त्या पोरावर आवाज चढवू नका. त्याच्या हातात काही नसतं.

पोफळीची_बाग

वर आयपी ॲड्रेसचा, म्हणजे राउटर प्रत्येक उपकरणाला देतो त्या पत्त्याचा, उल्लेख आलाय त्यावर लिहितो, कारण शनिवार-रविवारचं हे सर्वात मोठं दुखणं आहे आणि कोणाच्या लक्षातच येत नाही.

साध्या घरगुती राउटरकडे वाटायला फार तर अडीचशे पत्ते असतात, कित्येक राउटरमध्ये तर मूळ सेटिंग शंभरचंच असतं. प्रत्येक पत्ता २४ तासांसाठी उसना दिला जातो, त्याला लीज म्हणतात. आता हिशेब करा. २० खोल्या, खोलीत तिघं म्हणजे ६० माणसं. माणशी दीड-दोन उपकरणं, म्हणजे शंभरच्या आसपास. शिवाय २० टीव्ही, १६ कॅमेरे, स्टाफचे फोन. सकाळी अकराला हे ६० जण निघून गेले तरी त्यांचे पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत अडकलेलेच. दुपारी नवे ६० आले, त्यात एक दिवसाच्या सहलीची बस आली. संपले पत्ते. भर म्हणजे हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक ॲड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) दाखवतात. तो विसरून पुन्हा जोडला किंवा फोनने तो बदलला, की राउटरला वाटतं नवाच पाहुणा आला.

लक्षण अगदी ठरलेलं आहे: फोनवर "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" एवढंच येत राहतं, किंवा लॅपटॉपला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसतो. हा पत्ता दिसला की समजा, राउटरने तुम्हाला काहीही दिलेलं नाही, तुमच्या मशीनने स्वतःच एक घेऊन ठेवलाय.

मालकाने करायचं काम दहा मिनिटांचं आहे. लीज २४ तासांवरून २-३ तासांवर आणा आणि राउटर ऐकत असेल तर सबनेट मास्क (किती पत्ते असतील ते ठरवणारं सेटिंग) २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.२५२.० करा. पत्ते २५४वरून १०२२ होतात. एक पैसा लागत नाही.

निवांत_किनारा

सुट्टीला जाऊन नेट कशाला हवं पण? चार दिवस समुद्र बघा.

मीनल_ठाणे

निवांत, सगळ्यांना सिनेमाच बघायचा नसतो हो. बँकेचा ओटीपी, जेवणाचं बिल यूपीआयने देणं, घरी आजारी माणूस असेल तर डॉक्टरांशी बोलणं, मुलांच्या प्रवेशाच्या याद्या... किनाऱ्यालगतच्या कितीतरी वाड्या डोंगराच्या पोटात आहेत, तिथे मोबाइलची रेंज नसते. तिथे वायफाय हाच एकमेव फोन असतो. खुद्द मालकाचं बुकिंग आणि वसुली त्याच्यावर चालते.

माझा प्रश्न लॉगिनचा आहे. वायफायला जोडलं की पान उघडतं, त्यात मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल. पण मोबाइलला रेंज नाही म्हणून तर वायफाय हवंय! आणि कित्येकदा ते पानच उघडत नाही.

चिरेबंदी

ओटीपीच्या कोंडीवर उपाय मालकाकडे असतो. लॉगिनच्या बहुतेक प्रणालींमध्ये व्हाउचर कोड छापायची सोय असते. खोलीच्या किल्लीबरोबर कोडची चिठ्ठी द्यायची, मुक्कामाएवढी मुदत ठेवायची. पाहुण्यांनी "ओटीपी नको, कोड द्या" असं थेट मागावं. बऱ्याच जागी ती सोय आत असते आणि कोणी वापरलेलीच नसते.

पान न उघडण्याची तीन-चार कारणं नेहमीची. अँड्रॉइडमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" चालू असेल तर ते ऑटोमॅटिक किंवा ऑफ करा. ठरावीक सर्व्हर टाकलेला असला की लॉगिन पान अडतं. व्हीपीएन चालू असेल तर लॉगिन होईपर्यंत बंद ठेवा. आयफोनवर प्रायव्हेट रिलेही तसंच. आणि ब्राउझरमध्ये नेहमीची साइट उघडू नका. जवळजवळ सगळ्या साइट आता कुलूपबंद म्हणजे एचटीटीपीएस असतात, त्यांना राउटर मधेच वळवू शकत नाही. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साइट याच कामासाठी आहे, ती एचटीटीपीने उघडा. नाहीतर वर सांगितलेला गेटवेचा पत्ता थेट टाका, बहुधा लॉगिनचं पान समोर येतं.

दर काही तासांनी पुन्हा लॉगिन मागत असेल तर त्या नेटवर्कपुरता बनावट मॅक बंद करून "फोनचा मॅक" निवडा. घरी परतल्यावर ते नेटवर्क फोनमधून काढून टाकायला विसरू नका.

मीनल_ठाणे

प्रायव्हेट डीएनएसच होतं ते. धन्यवाद.

बारा_खोल्या

आमच्याकडे १२ खोल्या आहेत. चिऱ्याच्या दोन इमारती, मध्ये ४० मीटर अंतर आणि माडाची झाडं. लाइन २०० एमबीपीएसची फायबर, राउटर ऑफिसमध्ये. पलीकडच्या इमारतीसाठी एक आणि मागच्या खोल्यांसाठी दोन रिपीटर लावलेत. तक्रारी थांबत नाहीत. नेमकं काय बदलावं? कृपया क्रमाने सांगा.

तांब्याची_तार

आधी तिन्ही रिपीटर काढा. रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर वेग निम्मा किंवा त्याहून कमी होतो. त्यातून रिपीटर लावला जातो तोच जिथे रेंज संपते तिथे. त्याला स्वतःलाच −८० मिळत असेल तर तो पुढे काय देणार? मेशवाल्या डब्यांचंही तेच, जर ते एकमेकांना तारेने जोडलेले नसतील तर. चिऱ्याच्या इमारतीत तारेला पर्याय नाही हे आधी मान्य करा.

दोन इमारतींमध्ये फायबर टाका, तांब्याची केबल नको. माझं नाव तांब्याची तार असलं तरी हे ठाम सांगतो. कॅट-६ शंभर मीटरपर्यंत चालते, त्यामुळे ४० मीटर सहज जमेल असं वाटतं आणि जमतंही, पहिली वीज कडाडेपर्यंत. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जवळपास वीज पडली की दोन्हींमध्ये काही क्षण प्रचंड व्होल्टेजचा फरक येतो आणि तो या तारेतून वाहतो. दोन्ही टोकांचे स्विच आणि पुढचे डबे एका झटक्यात जातात. जूनच्या पहिल्या आठवड्यात असे जळलेले स्विच ढिगाने दिसतात. फायबर काचेची, तिच्यातून वीज जात नाही. दोन कोअरची सिंगल मोड आउटडोअर केबल, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलसाठी बदलणारा डबा). केबलला लोखंडी चिलखत असेल तर तेही वीज वाहतं, म्हणून धातूविरहित केबल घ्या. एक इंची एचडीपीई पाइपमधून, दीड-दोन फूट खोल. पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पुढे दुसरी केबल ओढायला लागतेच. पाइपाची तोंडं बुजवा, नाहीतर उंदीर आणि पाणी दोन्ही आत.

हवेतून डिश लावून जोडायचा मोह होईल. मध्ये माड आहेत म्हणता, तर नको. झावळ्या वाऱ्याने हलतात, ओल्या झाल्या की सिग्नल खातात. शिवाय नुसती सरळ रेषा मोकळी असून भागत नाही, रेषेभोवतीची जागाही मोकळी लागते. ५.८ गिगाहर्ट्झला ३०० मीटरच्या जोडणीत मधोमध तिची त्रिज्या जवळजवळ २ मीटर भरते आणि त्यातली निदान ६० टक्के मोकळी हवी. बागेत हे जमत नाही.

प्रत्येक इमारतीत एक पीओई स्विच (नेटच्या केबलमधूनच वीजही देणारा) आणि तिथून कॅट-६ने ॲक्सेस पॉइंट, म्हणजे एपी (खोलीत वायफाय देणारा डबा). चिऱ्याची भिंत असेल तर दोन खोल्यांमागे एक एपी, म्हणजे तुमच्याकडे सहा, शिवाय जेवणाच्या जागी एक. व्हरांड्यात लावू नका, खोलीच्या आत लावा. व्हरांड्यातला एपी अंगणाला उत्तम रेंज देतो आणि खोलीला भिंतीतून. नेहमीच्या पीओईला स्विचकडून १५.४ वॅट मिळतात, साध्या एपीला ते पुरतात. मोठ्या एपीला ३० वॅटचा पीओई प्लस लागतो, डब्यावर वाचून घ्या.

केबल घेताना फसू नका. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडच्या पातीने एक तार खरवडा, आत चंदेरी दिसली तर दुकानदाराला परत करा. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, त्यामुळे लांब अंतरावर व्होल्टेज पडतं. दिवसभर एपी चालतो, रात्री गर्दीत त्याला जास्त करंट लागला की रीस्टार्ट होतो. लोक एपी बदलत बसतात आणि दोष केबलचा असतो.

पोफळीची_बाग

याला अनुमोदन. आता सेटिंग.

२.४ गिगाहर्ट्झची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा आणि चॅनल फक्त १, ६, ११. शेजारच्या दोन एपींना वेगवेगळे. "ऑटो"वर सोडू नका. ५ गिगाहर्ट्झला ४० मेगाहर्ट्झ पुरे, ८० ठेवलं की एपी एकमेकांवर चढतात. एपीची पॉवर कमी करा, २.४ला ११-१२ डीबीएम. उलटं वाटेल, पण सात एपी पूर्ण ताकदीने ओरडायला लागले की फोन लांबच्या एपीला चिकटून राहतो, जवळचा सोडून.

जुने वेग बंद करा. १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे २००० सालच्या आसपासच्या उपकरणांसाठी होते. एपी आपलं नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा जाहीर करतो आणि ते सर्वात कमी वेगाने करतो. त्यात पाहुणे, स्टाफ, ऑफिस, कॅमेरे, रेस्टॉरंट अशी पाच नावं ठेवली तर काहीही न करता हवेचा मोठा हिस्सा नुसत्या घोषणांत जातो. दोन नावं पुरेत.

हे का महत्त्वाचं, तर हवा सगळ्यांची एकच आहे. एका वेळी एकच बोलू शकतो. जवळचा फोन ६५ एमबीपीएसने जे एका सेकंदात घेतो, तेच कोपऱ्यातल्या खोलीतला फोन ६.५ने दहा सेकंदांत घेतो, आणि ते दहा सेकंद बाकी सगळे गप्प. एका वाईट खोलीमुळे तिच्या एपीवरचे सगळे हळू होतात. म्हणून ज्याची तक्रार आली त्याचीच खोली तपासून थांबू नका.

प्रत्येक उपकरणाला १०-१५ एमबीपीएसची मर्यादा घाला. एचडी सिनेमाला ५ लागतात, व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी दीड ते तीन. १२ खोल्यांना २०० एमबीपीएस भरपूर आहे, प्लॅन वाढवू नका. त्याऐवजी राउटरमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू नावाची सोय शोधा आणि खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर लावा. तोंडाशी लागणारी रांग त्याने मोडते. स्पीड टेस्ट थोडी कमी दाखवेल, पण कॉल तुटणार नाहीत. तुमच्या राउटरमध्ये ही सोय नसेल तर राउटर बदलण्यासारखं कारण हेच आहे.

आणि सीसीटीव्ही क्लाउडवर चढतोय का बघा. अपलोड कमी असलेल्या लाइनवर आठ कॅमेरे चोवीस तास चढत असतील तर पाहुण्यांसाठी काही उरतच नाही. रेकॉर्डिंग तिथल्या डीव्हीआरवरच ठेवा.

लाइनमन_रत्नागिरी

बाहेरच्या बाजूचं मी सांगतो.

फायबरच्या डब्यावर "लॉस" म्हणून दिवा असतो. लाल झाला की प्रकाशच येत नाही, म्हणजे केबल तुटली किंवा निसटली. कितीही रीस्टार्ट करा, उपयोग नाही, तक्रार नोंदवा. "पॉन"चा हिरवा दिवा लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही. डब्याच्या सेटिंगमध्ये "आरएक्स पॉवर", म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, लिहिलेलं असतं. −१५ ते −२५ असेल तर बरं. −२७ही जवळपास शेवटची हद्द, त्यापलीकडे नेट येतं-जातं. चांगला दिवस असताना हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे −२१चा −२६ झाला तर कुठेतरी केबल दबली, वाकली किंवा सांध्यात पाणी गेलं, हे लगेच कळतं आणि कंपनीच्या माणसालाही नाकारता येत नाही.

फायबर बांगडीपेक्षा लहान गोलात वळवू नका. खोलीत येताना दाराच्या फटीत चेपलेली, खिळा ठोकून बांधलेली केबल मी कमी वेळा नाही पाहिली. कनेक्टर हिरवा असेल तर हिरव्यातच घाला, निळ्यात बसतो पण प्रकाश वाया जातो.

आपल्याकडे बहुतेक फायबर विजेच्या खांबांवरून आणि झाडांवरून आलेली आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात खांब आडवे झाले आणि वीज-फोन दोन्ही कित्येक दिवस गेले. वादळ राहू द्या, दर पावसाळ्यात काजूची एखादी फांदी पुरते. म्हणून दोन लाइनी घ्यायच्या तर दोन कंपन्यांच्या आणि शक्य तर दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेल्या. एकाच खांबावरून आलेल्या दोन केबल एकदमच पडतात. दुसरी लाइन ५जीचा डबा असला तरी चालेल, फक्त तो डबा टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवा, ऑफिसच्या कपाटावर नाही.

खारी हवा विसरू नका. समुद्रापासून शे-दोनशे मीटरवर उघड्यावरच्या आरजे-४५ प्लगची आठ धातूची पाती एका पावसाळ्यात हिरवी पडतात. काढून बघितलं तर शेवाळासारखा थर, बोट फिरवलं की पावडर. एकेक पात संपर्क सोडतं आणि १००० एमबीपीएसची जोडणी गुपचूप १००वर किंवा १०वर येते. दिवा चालूच असतो, म्हणून कोणी बघत नाही. बाहेरचे सांधे बंद डब्यात, केबल डब्याच्या खालून आत घ्यायची आणि आधी एक झोळ सोडायचा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. प्लगमध्ये डायलेक्ट्रिक ग्रीस. क्लॅम्प स्टेनलेसचे.

बारा_खोल्या

खूप उपयोगी. विजेचं काय? लाइट दिवसातून चार वेळा जाते.

लाइनमन_रत्नागिरी

लाइट गेली की फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि एपी सगळे एकामागून एक उठतात. यात तीन-चार मिनिटं जातात, आणि जनरेटर सुरू होताना एकदा, बंद होताना एकदा. पाहुण्याला वाटतं नेट सारखं जातंय. एपी सगळे पीओईवर असतील तर एवढंच करायचं: ऑफिसमधला डबा, राउटर आणि दोन्ही पीओई स्विच इन्व्हर्टरवर घ्यायचे. सात एपी धरून सगळा भार शंभर वॅटच्या आसपास. १५० एएचची १२ व्होल्टची एक चांगली बॅटरी आठ-दहा तास ओढते. इन्व्हर्टरच्या मागे मोडचं बटण असतं, ते "यूपीएस"वर ठेवा. "ईको"वर असेल तर बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात राउटर बंद होऊन उठतो. पलीकडच्या इमारतीचा मीडिया कन्व्हर्टर विसरू नका. तो साध्या बोर्डात राहतो आणि मग अर्धं रिसॉर्ट बंद.

वर्क_फ्रॉम_वेंगुर्ला

काम करायला येणाऱ्यांसाठी लिहितो. बुकिंगच्या आधी "वायफाय आहे का?" असं विचारू नका, उत्तर "हो"च येणार. "जी खोली देणार आहात त्या खोलीत, दार बंद करून, रात्री नऊला स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवाल का, अपलोडसकट?" असं विचारा. जो मालक पाठवतो त्याच्याकडे जा. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, त्याला आपल्या नेटची माहिती आहे. खोलीतून अपलोड ५ एमबीपीएस आणि पिंग ५०च्या आत असेल तर कामाला पुरतं.

ऑफिसचं व्हीपीएन लागतं पण पानं अर्धवट अडकतात, मेल उघडतो आणि अटॅचमेंट लटकते, तर एमटीयूचा, म्हणजे डेटाच्या एका पाकिटात किती बाइट मावतात त्याचा, प्रश्न असतो. पीपीपीओईच्या (युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) लाइनवर १५०० ऐवजी १४९२च मावतात, व्हीपीएनचं वेष्टन आणखी जागा खातं. लॅपटॉपवर व्हीपीएनच्या ॲडॉप्टरचा एमटीयू १३०० करून बघा. व्हीपीएन लागतच नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये टीसीपी ४४३चा पर्याय निवडा, तो बहुतेक ठिकाणी उघडा असतो.

वायफाय कॉलिंग घरूनच चालू करून निघा. मोबाइलला रेंज नसली तरी कॉल आणि बहुतेक वेळा बँकेचा एसएमएसही वायफायवरून येतो. मालकांना विनंती: फायरवॉलमध्ये यूडीपी ५०० आणि ४५०० बंद करू नका, वायफाय कॉलिंग त्यांवरच चालतं.

पर्याय म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. ७०० आणि ८५० मेगाहर्ट्झचे पट्टे डोंगर आणि भिंती बऱ्या ओलांडतात, ३५००चं ५जी चिऱ्याच्या खोलीत शिरत नाही. त्यामुळे कित्येकदा फोन "फक्त ४जी"वर टाकला की हॉटस्पॉट सुधारतो. फोन खिडकीत ठेवा आणि लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडा. फोन चार्जही होतो आणि गर्दीच्या २.४ हवेतून सुटका होते.

मीनल_ठाणे

अजून एक. मोबाइलवरचं टीव्हीवर दिसत नाही, दोन्ही एकाच वायफायला जोडलेत. हे का?

पोफळीची_बाग

क्लायंट आयसोलेशन चालू असणार, म्हणजे एका पाहुण्याचं उपकरण दुसऱ्याच्या उपकरणाला दिसू नये अशी सोय. ती चालूच असायला हवी, बंद करा असं मालकाला सांगू नका, नाहीतर तुमचा लॅपटॉप साठ अनोळखी लोकांना दिसेल. एचडीएमआय केबल बरोबर ठेवा. किंवा छोटा ट्रॅव्हल राउटर आणा: तो रिसॉर्टच्या वायफायला जोडायचा, लॉगिन एकदाच करायचं, आणि घरचे सगळे फोन व टीव्हीची स्टिक त्याच्या मागे. रिसॉर्टच्या राउटरला एकच उपकरण दिसतं. फक्त तो खिडकीजवळ ठेवा, जिथे निदान −६५ मिळतं तिथे, आणि बाहेरची बाजू ५ला व आतली २.४ला ठेवा. दोन्ही एकाच पट्ट्यात ठेवल्या तर वर सांगितलेला रिपीटरच झाला.

बारा_खोल्या

लीज तीन तासांवर आणली, रिपीटर काढले. केबलचं माप घेतोय. पाइप विहिरीच्या बाजूने न्यावा की कंपाउंडच्या कडेने?

लाइनमन_रत्नागिरी

कंपाउंडच्या कडेने, वीस मीटर जास्त लागले तरी. विहिरीकडून पंपाची वायर जात असणार आणि तिथली माती दर दोन वर्षांनी कोणीतरी खणतंच. माडाच्या बुंध्यापासून चार-पाच फूट लांब राहा. वळणावर आणि दोन्ही टोकांना चेंबर ठेवा, आणि बुजवण्याआधी पाइपाचे फोटो टेपसकट काढून ठेवा.